दारावर लावलेलं पत्र

मी फ्रिज बोलतोय. फुटपाथवरून, भिंतीला पाठ टेकून. माझ्या दारावर एक कागद चिकटवलाय : 'चालू आहे, हवा असेल त्याने न्यावा.' सकाळपासून तिघं थांबले. दार उघडलं, आत डोकावले, नाक मुरडलं आणि निघून गेले. मला त्यांचा राग नाही. अठरा वर्षांच्या फ्रिजला कोण विचारतो?

दुपारनंतर भंगाराची गाडी येईल. तिच्यात चढण्याआधी एक गोष्ट सांगून टाकायची आहे. इतकी वर्षं लोकांचं उरलंसुरलं सांभाळलं, पण ही गोष्ट मला आत ठेवून जायचं नाही.

मी या देशातलाच. माझी पहिली मालकीण एक एकटी म्हातारी होती. ती दिवसभर मांजराशी बोलायची, मी ऐकायचो, त्यामुळे इथली भाषा मला चांगली कळते. ती गेल्यावर पुतण्याने मला जुन्या सामानाच्या दुकानात टाकलं. तिथून दोन परदेशी माणसांनी मला उचललं आणि तीन मजले चढवून वर नेलं. मराठी मी त्या जिन्यातच शिकायला लागलो. पहिले चार-पाच शब्द मात्र असे होते, की ते इथे सांगण्यासारखे नाहीत.

त्यातले एक दाजी आणि दुसरा त्यांचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दाजी पन्नाशीचे, पावाच्या कारखान्यात भट्टीवर कामाला. पहाटे जायचे आणि दुपारी भुवयांवर पीठ घेऊन परत यायचे. मेव्हण्याला दाजींनीच इकडे आणलं होतं. तो एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याची गाडी चालवायचा. बायको-मुलं दोघांचीही गावी होती. इथे दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि त्या स्वयंपाकघरात मी.

दाजींना इथली भाषा येत नव्हती. बारा वर्षं झाली तरी चार शब्द : हो, बरं, ठीक आहे, आभारी आहे. एवढ्यावर माणूस भट्टी सांभाळू शकतो, पण सरकारी पत्र वाचू शकत नाही. मेव्हणा मात्र हुशार. वर्षभरात बोलायला शिकला, दोन वर्षांत वाचायला. मग घरात एक रीतच पडून गेली. आलेलं पत्र दाजी चुंबकाने माझ्या दारावर लावायचे. संध्याकाळी मेव्हणा आला की कणीक मळता मळता विचारायचे, "वकील, काय म्हणतंय सरकार?"

मग वकीलसाहेब वाचायचे. कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, पाणी कधी बंद राहणार, राहण्याचं कार्ड कधी बदलून घ्यायचं. दाजी मान डोलवायचे आणि म्हणायचे, "एवढंच ना? मग एवढं पानभर कशाला लिहितात रे?" त्या बदल्यात स्वयंपाक दाजींचा. मेव्हण्याच्या शर्टाची बटणंसुद्धा तेच लावायचे. एकूण बरं चाललं होतं.

जेवताना टीव्हीवर मराठी बातम्या. आणि बातम्या म्हटलं की मतं आलीच. परदेशात राहणाऱ्या माणसाला शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं, पण कोणत्या देशाने कोणावर किती विमानं सोडावीत हे अगदी नक्की माहीत असतं. दिवसभर साहेबाच्या पुढे 'हो, बरं, ठीक आहे' म्हटल्यावर माणसाला कुठेतरी ठामपणे बोलायचं असतंच. ते मी समजू शकतो.

त्या वर्षी दोन लांबच्या देशांमध्ये युद्ध लागलं. त्यातल्या एकाही देशात या दोघांनी पाय ठेवलेला नव्हता. पण दाजींनी एक देश घेतला, मेव्हण्याने दुसरा. रोज संध्याकाळी माझ्यासमोर आघाडी उघडायची. पहिले काही दिवस मला गंमत वाटली.

एका रविवारी टीव्हीवर पडलेली शाळा दाखवली. मेव्हणा म्हणाला, "बघा, ही तुमची माणसं."

"लढाईत असं होतंच. राज्य करणारा खमका लागतो. नाहीतर लोक डोक्यावर बसतात."

"ती पोरं काय डोक्यावर बसली होती?"

"तुला काय कळतंय त्यातलं? इथे आलास तेव्हा बस कुठली पकडायची ते कळत नव्हतं. मी आणलं म्हणून उभा आहेस."

"आणलंत, आणलंत! आयुष्यभर ऐकवणार आहात का?" मेव्हणा उठून उभा राहिला. "चार ओळींचं पत्र वाचता येत नाही स्वतःला आणि जगाचं राजकारण सांगतायत!"

दाजी ताटातला घास तसाच ठेवून उठले, हात धुतले आणि खोलीत गेले. मेव्हणा बराच वेळ बसून राहिला. मला वाटलं, जाईल आणि दारावर टकटक करेल. त्याने टीव्ही बंद केला आणि तोही झोपायला गेला.

दुसऱ्या दिवसापासून अबोला. वरचा कप्पा दाजींचा, खालचा मेव्हण्याचा. दुधाच्या दोन बाटल्या, अंड्यांचे दोन ट्रे. स्वयंपाकही वेगळा झाला. एक जण आला की दुसरा भांडी तशीच ठेवून खोलीत जायचा. मोठी माणसं असं वागतात तेव्हा त्यांच्यापेक्षा माझ्या म्हातारीचं ते मांजर शहाणं होतं असं मला वाटायचं.

बोलणं व्हायचं फक्त रविवारी, ताईचा फोन आला की. ताई म्हणजे दाजींची बायको, मेव्हण्याची मोठी बहीण. फोन माझ्या शेजारच्या फळीवर होता. स्पीकर लावून दोघं शेजारी शेजारी उभे राहायचे.

"नीट राहताय ना रे दोघं? भांडत नाही ना?"

"छे गं, भांडतोय कशाला? हा काय, इथंच उभा आहे वकील. बोल रे ताईशी."

"हो ताई, दाजींनीच आत्ता जेवायला वाढलं."

फोन ठेवला की दोघं दोन दिशांना. खोटं बोलायला इतका उत्तम मेळ मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही.

महिन्याभराने ते पत्र आलं. कारखान्यात सगळ्या कामगारांची तपासणी झाली होती, छातीचा फोटो काढला होता. पत्र हॉस्पिटलचं. दाजींनी ते उघडलं, वर-खाली पाहिलं, पुन्हा घडी घातली आणि सवयीने माझ्या दारावर लावलं. मग त्यांना आठवलं असावं की आता वाचणारं कोणी नाही. काढण्यासाठी हात वर नेला आणि तसाच खाली घेतला. पत्र राहिलं. मला वाटतं, त्यांच्या मनात होतं, की तो आपण होऊन वाचेल.

मेव्हण्यानेही ते पाहिलं. घडी घातलेल्या कागदावर हॉस्पिटलची खूण दिसत होती. त्याने चुंबकाला बोट लावलं. तेवढ्यात जिन्यात दाजींची पावलं वाजली आणि त्याने चटकन दूध काढायला आल्यासारखं दार उघडलं. माझ्या आतल्या दिव्यात त्याचा चेहरा दिसला. 'एकदा फक्त वाच रे म्हणू देत,' असं तो पुटपुटला. दाजी काही म्हणाले नाहीत.

चार दिवसांनी दुपारी फोन वाजला. दाजी एकटेच घरी होते. पलीकडे हॉस्पिटलमधली बाई होती, आवाज खणखणीत, मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. ती म्हणत होती, "तुमच्या फुप्फुसात गाठ दिसते आहे. आमचं पत्र मिळालं ना? गुरुवारी सकाळी दहाला या. उशीर करू नका. याल ना?"

दाजी म्हणाले, "हो. हो. बरं. ठीक आहे. आभारी आहे."

आणि फोन ठेवून कांदा चिरायला बसले. मी घरघरलो, थरथरलो, माझ्या पोटातल्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या. दाजींनी येऊन मला एक थापटी मारली आणि म्हणाले, "म्हातारा झालास रे तू पण."

गुरुवार आला आणि गेला. दाजी भट्टीवर होते.

खोकला वाढत चालला होता. मेव्हण्याने खोकल्याच्या औषधाची बाटली आणून गुपचूप वरच्या कप्प्यात ठेवली. दाजींनी ती पाहिली. एक एक चमचा घ्यायचे आणि बाटली होती तशीच, त्याच कोनात परत ठेवायचे, म्हणजे घेतली हे कळू नये. असली दोन माणसं! एकाने तोंड उघडायची खोटी होती.

पुढच्या रविवारी फोनवर बोलता बोलता दाजींना उबळ आली.

"कोण खोकतंय एवढं?" ताईने विचारलं. "डॉक्टरला दाखवलंत का?"

"दाखवलं गं. छातीचा फोटोसुद्धा काढला. पत्र आलंय त्यांचं. सगळं ठीक आहे म्हणाले."

ताईला घोर लागू नये म्हणून दाजी खोटं बोलले. ते ताईला खरं वाटलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या मेव्हण्यालाही खरं वाटलं. त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला. त्याला वाटलं, दाजींनी पत्र बाहेर नेऊन दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतलं. आपल्याला परकं केलं. त्या दिवसानंतर त्याने माझ्या दाराकडे पाहणंच सोडलं. पाणी घ्यायचं तरी मान फिरवून घ्यायचा.

पत्र तिथेच होतं. सात आठवडे. माझ्या दारावर, माझ्या अंगावर. घडीच्या आतलं मला दिसत नव्हतं, पण त्यात काय आहे हे या घरात फक्त मला माहीत होतं.

मग एके दिवशी दाजी कारखान्यात पिठाच्या पोत्यांवर कोसळले. त्यांना हॉस्पिटलात नेलं आणि मेव्हण्याला गोदामातून तिथे बोलावून घेतलं. तिथून तो संध्याकाळी एकटाच घरी आला, जोडे न काढता सरळ माझ्यापुढे. पत्र काढलं, उभ्यानेच वाचलं, वरची तारीख पुन्हा पुन्हा पाहिली. मग माझ्या दारावर कपाळ टेकलं आणि ओरडून रडला. मी त्याला काय देणार होतो? माझ्याकडे फक्त गारवा.

आठवड्याने दाजींना घरी सोडलं. खुर्चीत बसले, अर्धे झाले होते. अबोला कधी सुटला ते दोघांनाही कळलं नसेल. पत्र टेबलावर होतं.

"वकील, काय म्हणतंय सरकार?"

"काही नाही दाजी. तपासणीचं आहे. नेहमीचंच."

"वाच. लिहिलंय तसं वाच."

त्याने वाचलं. एक ओळ इथल्या भाषेत, मग मराठीत. 'उशीर केल्यास उपचार अवघड होतील' इथे तो थांबला, तेव्हा दाजींनीच पुढे म्हटलं, "वाच, वाच."

वाचून झाल्यावर दाजींनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले तुला? तेव्हा गेलो असतो तर?"

मेव्हण्याने पत्राची घडी घातली. "कापून काढता आलं असतं म्हणाले."

दाजींनी मान डोलवली, पूर्वी पाणी बंद राहणार म्हटल्यावर डोलवायचे तशीच. "फोन पण आला होता रे. मी हो म्हणालो." थोड्या वेळाने म्हणाले, "हे पत्र फाडून टाक. ताईला सांगू नकोस की आधी आलं होतं. माझी शपथ आहे. तिला मी तर नसणारच, निदान भाऊ तरी राहू दे."

मेव्हण्याने त्यांचे पाय धरले. "दाजी, मी एकदा वाचायला पाहिजे होतं."

"मी एकदा वाच म्हणायला पाहिजे होतं," दाजी म्हणाले.

ते युद्ध तोवर थांबलं होतं. कोण जिंकलं ते या घरात कोणी विचारलं नाही.

दाजी गावी गेले ते परत आले नाहीत. चौथ्या महिन्यात ते गेल्याचा फोन आला. नंतर पंधरा दिवसांनी ताईचा फोन, स्पीकर लावायची सवय गेली नव्हती.

"त्यांना पहिल्यांदा कधी कळलं रे?"

"पडले त्या दिवशीच, ताई."

"आधी काहीच नाही?"

"नाही."

ताई रडली. मग म्हणाली, "तू होतास म्हणून माझा जीव थाऱ्यावर होता रे. घरचं माणूस जवळ, लिहिता-वाचता येणारं. नाहीतर त्यांना तिकडचं काय कळलं असतं? तुझे उपकार मी कसे फेडू?"

मेव्हण्याने फोनची वायर मुठीत घट्ट धरली होती. तो "हो" म्हणाला.

त्याला आता दोन वर्षं झाली. आता मेव्हण्याने ते घर सोडलं. गोदामाजवळ एक खोली घेतली आहे, तिथे फ्रिजला जागा नाही. काल त्याने मला आतून-बाहेरून स्वच्छ पुसलं. दार पुसताना हात जरा जास्त वेळ फिरवला. आज सकाळी दोन माणसं लावून खाली आणलं, कागद चिकटवला आणि मागे न बघता गेला.

ताईचा फोन अजून दर रविवारी येतो. "एकदा येऊन जा रे, तुला बघायचंय," म्हणते. तो म्हणतो, "सुट्टी मिळत नाही गं."

कोपऱ्यावर गाडी वळलेली दिसते आहे. तेव्हा जाताना एवढंच सांगतो. ताई भेटली तर तिला यातलं काही बोलू नका, दाजींची शपथ आहे. तिचा भाऊ भेटला तर मात्र त्याला म्हणा, बाबा रे, एकदा घरी जा. साहेब त्याला सुट्टी नाही म्हणालेला नाही. त्याने अर्जच केलेला नाही.