टाचण्या आणि शब्दांच्या आठ जाती

गल्लीत त्यांना सगळे मशीनवाल्या काकू म्हणत. शाळेचे गणवेश, दवाखान्याचे पडदे, उशांचे अभ्रे, जे येईल ते शिवायचं आणि सांगितलेल्या दिवशी हातात द्यायचं, हा त्यांचा खाक्या. लेक चार वर्षांची असताना नवरा गेला. "देवाघरी गेला हो," असा काकू लगेच खुलासा करायच्या, "दुसरीकडे कुठे जायची त्याच्यात धमक नव्हती." तेव्हापासून माडीवरच्या दोन खोल्यांत काकू, लेक आणि पायमशीन, एवढाच संसार.

लेक नर्स झाली. चांगली झाली, पेशंट तिचं नाव घेऊन हाका मारायचे. मग एके दिवशी परदेशातल्या एका हॉस्पिटलने तिला नोकरी देऊ केली. अट एकच, इंग्रजीची परीक्षा. पहिल्या खेपेला ती त्यात आपटली. बोलण्यात पैकीच्या पैकी, ऐकण्यात उत्तम, पण व्याकरणाच्या पेपरात शब्दांच्या जातींनी घात केला. कुठला नाउन, कुठला व्हर्ब, कुठला ॲडव्हर्ब, सगळा सावळागोंधळ. आता एकच संधी उरली होती. तीही हुकली तर जागा पुढच्या मुलीला मिळणार होती.

काकूंना वाटलं, हुकू दे.

असं वाटलं म्हणून त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली, की त्या दिवशी त्यांनी एका पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले.

आता कोणी म्हणेल, एवढंच होतं तर सरळ सांगायचं पोरीला, की बाई गं, जाऊ नकोस. अहो, सांगणार कसं? ज्या बाईने आजवर दर गिऱ्हाइकाला ऐकवलं की "माझी पोर माझ्यासारखी चाकाला जुंपून घेणार नाही, जग बघेल जग," तिने आता कोणत्या तोंडाने शब्द फिरवायचा? त्यात धाकटा भाऊ, म्हणजे लेकीचा मामा. तो दर रविवारी यायचा, चहा प्यायचा आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "ताई, तुझ्यासारखी आई लाखात एक! एकुलती एक पोर सातासमुद्रापार धाडायला वाघिणीचं काळीज लागतं." वाघीण तेव्हा डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं करून आत निघून जायची.

लेकीने सरावाचं जाडजूड पुस्तक आणलं. उत्तरं मागच्या पानांवर छापलेली होती. पहिल्याच संध्याकाळी तिने ती पानं टर्रकन फाडून आईच्या हातात दिली.

"ही तुझ्याकडे ठेव. माझा माझ्यावर भरवसा नाही, मी चोरून बघेन. कितीही गयावया केली तरी द्यायची नाहीत."

"अगं, पण मला कुठे इंग्रजी येतं?"

"अक्षरं तर येतात ना? मी नाउन म्हटलं की एन बघायचा, व्हर्ब म्हटलं की व्ही. एवढंच."

अडचण एकच होती. शिवताना काकूंच्या तोंडात टाचण्या असायच्या, बोलणार कुठून? मग दोघींनी तोड काढली. उत्तर बरोबर असेल तर मशीन चालू राहील, चुकलं की थांबेल. पानं मशीनच्या पाटावर कात्रीखाली दाबलेली, आणि लेक पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसलेली, चुकूनही नजर जायला नको म्हणून. इतकी सरळ पोर. आईवर गेली नव्हती, एवढं नक्की.

पहिले काही दिवस काकूंनी काम चोख केलं. लेक वाक्य वाचायची, मग एकेक शब्द घेऊन त्याची जात सांगायची. मशीन खडखडायचं, थांबायचं, पुन्हा खडखडायचं. सुरुवातीला ते इतक्यांदा थांबायचं, की एका अभ्र्याची एक बाजू पुरी व्हायला संध्याकाळ जायची. काकू वरवर हळहळायच्या. मनातून म्हणायच्या, छान चाललंय, असंच चालू दे.

पण पोर हाडाची कष्टाळू. दिवस जातील तसं मशीन थांबेनासं झालं. एका संध्याकाळी तर एक आख्खा पडदा न थांबता शिवून झाला, आणि शेवटची टीप मारताना काकूंच्या लक्षात आलं. ही पास होणार. ही जाणार. आणि आपण इथे बसून तिला निरोपाचे कपडे शिवतोय.

दुसऱ्या दिवशी लेकीने वाचलं, "द मशीन रन्स वेल." मग म्हणाली, "वेल, ॲडव्हर्ब."

कागदावर तेच होतं. काकूंनी पाय उचलला. मशीन थांबलं.

"चूक?" लेक भिंतीकडे बघतच म्हणाली. "असं कसं?"

टाचण्या तोंडात असण्याचा एक फायदा असतो, खुलासा करावा लागत नाही. काकूंनी नुसतं हुंकारल्यासारखं केलं. त्या दिवशी त्यांनी आणखी चार-पाच धडधडीत बरोबर उत्तरांवर पाय उचलला.  म्हणतात ना, पहिलं पाप जड जातं, पुढची आपोआप जातात. त्यांना वाटलं, पोरीचा गोंधळ उडेल, धीर सुटेल, परीक्षा हुकेल आणि कोणाचाच दोष नसेल. परीक्षाच अवघड होती म्हणता येईल. मामाही हळहळेल, चहा पिऊन जाईल.

तिसऱ्या दिवशी लेक हॉस्पिटलातून आली ती नाचतच.

"आई! तू बरोबर होतीस गं! मी लायब्ररीत जाऊन मोठी डिक्शनरी काढली. वेल नुसता ॲडव्हर्ब नसतोच मुळी. विहीर म्हटली की नाउन, बरी आहे म्हटलं की ॲडजेक्टिव्ह, डोळे भरून आले तर व्हर्ब, आणि 'बरं, मग?' म्हटलं की इंटरजेक्शन. एकाच शब्दाच्या पाच जाती! मी आपली मेंढरासारखी एकच धरून बसले होते."

काकूंच्या तोंडातून एक टाचणी गळून पडली.

त्यांनी नेट धरला. पोर 'पेशंट'ला नाउन म्हणाली, मशीन थांबलं. पोरीने शोधून काढलं, की सहनशील माणसालाही पेशंटच म्हणतात. 'फास्ट'वर थांबलं, तर पोरीला त्यात वेगाबरोबर उपवासही सापडला. 'राउंड'वर थांबलं त्या दिवशी तर तिने जेवण बाजूला सारून त्याच्या जातींचा पुरा वंशवृक्ष लिहून काढला. काकू जिथे म्हणून खड्डा खणत, तिथे पोरीला पाणी लागत होतं. मेली भाषा तरी कसली! कुठलाही शब्द चूक म्हणा, कुठल्यातरी वाक्यात तो चूक निघतोच. काकूंनी जन्मात इतकी बेभरवशाची वस्तू पाहिली नव्हती.

मग त्यांनी डाव उलटा फिरवला. चूक उत्तराला बरोबर म्हणायचं. पण त्यासाठी पोरीने चुकायला तर हवं ना! संध्याकाळमागून संध्याकाळ मशीन नुसतं पळत राहिलं. गल्लीतल्या सगळ्यांचे गणवेश वेळेआधी तयार झाले.

"आई, तू हल्ली माझ्या चुका काढत नाहीस," लेक एकदा कुरकुरली. "दमलीस का? अशी मवाळ होऊ नकोस बाई, परीक्षा जवळ आली. जरा कडक राहा."

काकूंनी कपाळावर हात मारला. लेकीला तो आवाजही आशीर्वादच वाटला असेल, काय सांगावं!

निकाल आला तेव्हा काकू एका शाळेच्या बाईंच्या स्कर्टची उंची मापत खाली बसल्या होत्या. लेक धावत आत आली आणि आईच्या गळ्यातच पडली. व्याकरणात तिच्या तुकडीत पहिली. एकही चूक नाही. परीक्षेच्या ऑफिसातल्या साहेबांनी म्हणे मुद्दाम बोलावून विचारलं, क्लास कुठला लावला होता? हिने सांगितलं, क्लास कसला, माझी आई.

"काकू! तुम्ही इंग्रजी शिकवता?" शाळेच्या बाई एका पायावर वळल्या.

"नाही हो, मला ओ की ठो कळत नाही."

"बघा, किती नम्रपणा!" बाई म्हणाल्या.

आठवडाभरात दोन आया आपापली पोरं घेऊन दारात हजर. एक म्हणाली, "काकू, माझ्या मुलीलाही तयार करा. तिलाही लांब जायचंय." काकू त्या पोरीकडे बघत राहिल्या. एवढीशी होती, दोन वेण्या, बुटाची नाडी सुटलेली. "जा गं," काकू ओरडल्या, "जा आईबरोबर घरी!" आणि दार लावून घेतलं. कडक शिकवणी हवी तर स्वभावही कडकच असणार, असं दोन्ही आया जाताना एकमेकींना म्हणाल्या.

जायच्या दिवशी दुपारी लेक बॅग भरत होती. मामा गाडी आणायला कोपऱ्यावर गेला होता. काकू दारात उभ्या होत्या. आता नाही तर कधीच नाही. त्या कपाटाकडे गेल्या, ती फाडलेली पानं काढली आणि लेकीसमोर पलंगावर टाकली.

"हे बघ. ताडून बघ."

"हे आता कशाला? झाली ना परीक्षा."

"बघ म्हणते ना! वेल बघ. तू बरोबर सांगितलं होतंस. मी मुद्दाम थांबवलं मशीन. पेशंटला पण. सगळ्यांना. तू नापास व्हावीस म्हणून."

लेकीने पान उचललं, बोट फिरवत वाचलं. काकूंनी डोळे मिटले. ओरडेल, रडेल, पानं तोंडावर फेकेल. फेकू दे. निदान खरं काय ते कळेल. आणि कोण जाणे, चिडून तरी राहील.

लेक हसली.

"अय्या, पुस्तकात एकच जात दिलीय! म्हणजे तू पुस्तकावरसुद्धा विश्वास ठेवला नाहीस. तुला आतूनच कळत होतं, की मी घोकंपट्टी करतेय."

"अगं कार्टे, मला इंग्रजी येत नाही!"

"भाषा येत नसेल, पण पोर तर कळते ना तुला."

काकूंनी तिचे दोन्ही खांदे धरले. आता मात्र त्यांचा आवाज फुटला. इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"तू जायला नको होतीस मला! कळतंय का? एक दिवससुद्धा माझ्यापासून लांब नको होतीस. माझ्याच्याने इथे एकटीने राहवणार नाही. मामा काहीबाही बोलतो, माझं कसलं आलंय वाघिणीचं काळीज! जाऊ नकोस, सोने. जाऊ नकोस."

लेकीचं हसू विझलं. तिने हातातलं पान खाली ठेवलं आणि काकूंना वाटलं, पोचलं. शेवटी एकदाचं पोचलं.

"म्हणजे मनातून तुला हे नको होतं," लेक हळूच म्हणाली, "आणि तरी रोज संध्याकाळी बसून माझी तयारी करून घेतलीस? कामाच्या रगाड्यात? आणि मला एका शब्दाने कळू दिलं नाहीस?" तिचे डोळे भरून आले. तिने आईला घट्ट मिठी मारली आणि तिच्या खांद्यावर मनसोक्त रडली. "आई, तू नसतीस ना, तर मी जाऊच शकले नसते."

काकूंनी बोलायला तोंड उघडलं. तोंडात एकही टाचणी नव्हती.

बाहेर गाडी येऊन थांबली. मामाने खालूनच आरोळी ठोकली, की उशीर होतोय, आणि त्याची कंबर धरलीय, बॅगा कोणीतरी उतरवा. लेक डोळे पुसत हातपिशवी शोधायला लागली. मोठी बॅग चांगलीच जड होती. काकूंनी ती उचलली आणि पायरी पायरी करत खाली गाडीपर्यंत नेली.