दिवा कोण धरणार?

मित्रांनो, दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत, हिरव्या पडद्याशेजारी मान टाकून उभा असतो ना, तो मी. मी एक जुना दिवा आहे. लांब वाकणारी मान, पत्र्याची टोपी आणि टोपीला एक पोचा. तो पोचा कसा पडला ते विचारू नका, त्यात चूक माझीच होती.

मला पहिल्यांदा पेटवलं ते एका लहानशा कारखान्यात. समोरची भिंत हळूच पिवळी झाली आणि मला वाटलं, ही भिंत मीच तयार केली! अजूनही दुपारी डुलकी लागली की मला ती भिंत दिसते.

पुढची अकरा वर्षं मी एका घड्याळजींच्या टेबलावर काढली. पन्नास घड्याळं एकाच वेळी टिकटिकायची आणि मला गुंगी यायची. घड्याळजींची बायको रोज चारला चहा आणायची. मग ती यायची थांबली. तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. हा आजार वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो, मित्रांनो. वेळेवर कुणी पाहिलं असतं तर ती वाचली असती. घड्याळजी चारला हातातलं काम बाजूला ठेवून दाराकडे बघत बसायचे, आणि मी उगाचच जळत राहायचो.

एकदा दवाखान्यातल्या सिस्टर घड्याळाचा पट्टा बदलायला आल्या. घड्याळजींच्या बायकोचा विषय निघाला तेव्हा म्हणाल्या, "याच आजाराची तपासणी सुरू करतेय. औषध आहे, टेबल आहे, फक्त नीट उजेड नाही." घड्याळजींनी तिथल्या तिथे माझी वायर गुंडाळली. "घेऊन जा," एवढंच म्हणाले.

तपासणी तशी साधी. सिस्टर कापसाने गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं आंबूस औषध लावतात आणि पूर्ण एक मिनिट थांबतात. आत काही बिघडत असेल तर तिथे पांढरा डाग उमटतो. घाई केली तर तो दिसत नाही. पण टेबलावर झोपलेल्या बाईला ते मिनिट संपता संपत नाही. म्हणून सिस्टरनी एक रीत पाडली. "एखादं स्वप्न सांगा," त्या म्हणत, आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे ठेवत.

किती स्वप्नं ऐकली मी! एक भाजीवाली छपरांवरून उडायची आणि वरूनच गिऱ्हाइकांना भाव सांगायची. एक गवंडीण जिना बांधायची, तो बांधता बांधता ढगांत शिरायचा. रिकाम्या खोलीतही ती स्वप्नं माझ्या टोपीखाली पाखरांसारखी भिरभिरत राहायची.

पण माझ्या मानेचा स्क्रू सैल झाला होता. हात सोडला की मान खाली! म्हणून दवाखान्यातल्या मावशी मला धरून उभ्या राहायच्या. सगळा दवाखाना झाडायच्या त्या, बायकांना घरोघरी जाऊन आणायच्या त्या, घाबरलेलीला "अगं, मिनिटभराचं काम" म्हणून दटावायच्याही त्याच. सिस्टरना वाटायचं, मावशी रोज याच खोलीत असतात म्हणजे त्यांची तपासणी पहिल्याच दिवशी उरकली असणार. तिथेच सगळं चुकलं होतं. तीन वर्षांत मी मावशींसाठी एकदाही पेटलो नव्हतो, आणि हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. मला पुसताना त्या पुटपुटायच्या, "मी झोपले तर तुला कोण धरणार रे?" मला माझ्या मानेची लाज वाटायची. तोंड असतं तर ओरडलो असतो.

मग एके दिवशी त्यांनी आपल्या सुनेला आणलं. तिने नुकतीच तिशी गाठली होती, आणि तिशीनंतर ही तपासणी करायचीच असते. टेबलावर चढताना ती लाजली. "आई, तुम्ही भिंतीकडे बघा हं."

"बरं बाई, बघते," म्हणत मावशींनी मला धरलं आणि तोंड फिरवलं.

औषध लावून सिस्टर म्हणाल्या, "सांग स्वप्न."

सून छताकडे बघत हळू आवाजात सांगू लागली. "मोठी रांग आहे. आई सगळ्यांना पुढे सोडतायत. शेवटी रांग संपली, दिवा विझला, दार लागलं. आई मात्र बाहेरच."

माझी मान एकदम खाली घसरली. मावशींनी ती घाईघाईने पुन्हा वर धरली. सिस्टरनी सुनेचं मिनिट पुरं होऊ दिलं, नीट पाहिलं, "तू ठणठणीत आहेस," म्हणाल्या आणि मग वळल्या. "मावशी, तुमची तपासणी कुणी केली होती?"

"मला काय धाड भरलीये? आणि मग दिवा कोण धरणार?"

सून टेबलावरून उतरली, कपडे सारखे करून पुढे आली. "मी धरते."

मावशींना पळवाट उरली नाही. झोपता झोपता कुरकुरल्या, "आता तू भिंतीकडे बघ." सुनेने मान वळवली आणि मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"स्वप्न?" सिस्टरनी विचारलं.

"मला कसली स्वप्नं पडतायत! पडल्या पडल्या डोळा लागतो." मग छताकडे बघत म्हणाल्या, "एक पडतं. मी नुसती बसलेय. कुणी हाक मारत नाही."

मिनिट संपलं. मी उजेड टाकला आणि तिथे तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग होता.

घाबरू नका, मित्रांनो. तो अजून कॅन्सर झालेला नव्हता, पुढे होऊ शकला असता. डॉक्टरांनी त्याच दुपारी एका छोट्या यंत्राने शेक देऊन तो भाग नाहीसा केला. वर्षभराने पुन्हा पाहिलं तेव्हा डाग नव्हता. दोन्ही वेळा मला सुनेनेच धरलं होतं.

आता बाहेरच्या खोलीत तुमच्याएवढ्या मुलींना याच आजाराची लस देतात. दंड चोळत त्या माझ्या दारावरून जातात तेव्हा मला घड्याळजींची चारची वेळ आठवते. माझा स्क्रू अजून सैलच आहे. जमलं तर तेवढा आवळून द्या.

आणि एक करा. तुमच्या घरातही सगळ्यांना दवाखान्यात नेणारी कुणीतरी असेल. तिला विचारा, तुझी तपासणी झाली का? ती म्हणेल, मी गेले तर इथलं कोण बघणार? तेव्हा तिच्या हातातलं काम काढून घ्या आणि म्हणा, "जा तू. मी धरते."