शेवटचं कार्ड

चारशे गावांचे बिंदू आलेख कागदावर मांडून, त्या सगळ्यांना सामावणारा लहानात लहान, उभ्या-आडव्या बाजूंचा आयत काढायला मला नऊ दिवस लागले होते. पुण्याहून नव्यानं आलेल्या अलकानं तेच काम एका सकाळीत केलं. तिनं गावांची, भोकं पाडून आकडे नोंदलेली पंच कार्डं यंत्रातून आधी पूर्वेकडच्या, मग उत्तरेकडच्या मैलांच्या आकड्यानुसार क्रमानं लावली आणि दोन्ही वेळा पहिलं आणि शेवटचं कार्ड तेवढं उचललं.

“चार आकडे की झाला आयत! अक्का, तुम्ही उगाच डोळे फोडलेत.”

साहेबांनी अहवालावर तिचं नाव घालायचं ठरवलं. मला जेवण गेलं नाही.

दुपारी मी मेजाच्या खणातल्या माझ्या आलेखाशी ताडून तिची कार्डं पाहिली. पूर्वेच्या शेवटच्या कार्डावर दशकाच्या रकान्यात चारच्या जागी नऊला भोक पडलं होतं. यशवंतपूरजवळचं ते गाव पन्नास मैल सरकलं होतं आणि तिचा आयत भलताच रुंद झाला होता.

तेवढ्यात ती आली. “अक्का, तुमच्या आलेखाशी ताडल्याशिवाय मी अहवाल देणार नाही. कुठंय तो?”

“घरी राहिला,” मी म्हटलं आणि गुडघ्यानं खण हळूच आत लोटला.