सगळी सेटिंग लोवर

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती करायची. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात एका गोदामात माल लावायचा. उंची दाराच्या चौकटीला लागेल एवढी, तरी घरात त्याला टिल्लूच म्हणत. आई गेल्यावर तो जो निघाला तो तिकडचाच झाला. फोनवर त्याच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. बरा आहेस का, हो. काम कसं चाललंय, चाललंय. ठेवू का, ठेव.

पण रविवारी दुपारी दोघं आपापल्या कॉम्प्युटरवर एकत्र खेळायला बसली की त्याच टिल्लूला कंठ फुटायचा. खेळ मालवाहू बोटीचा होता. तो सुकाणू धरायचा, ती इंजिन सांभाळायची, आणि या बंदरातल्या पेट्या त्या बंदरात पोचवता पोचवता तो हेडफोनमधून बोलत राहायचा. मुकादम कसा डाफरतो, खोलीतला जोडीदार कसा घोरतो. एकदा तर आईचा विषय त्यानं आपणहून काढला होता. हात कामात गुंतले की याची जीभ सुटते, हे तिनं ओळखलं होतं. त्यामुळे रविवारची दुपार ती कुणाला देत नसे.

"बसलीस का होडीत?" वडील आतल्या खोलीतून विचारायचे. गुडघ्यांमुळे ते फारसे उठत नसत. "त्याला सांग, महिन्यातून एकदा तरी बापालाही बसव."

तिचा कॉम्प्युटर एका बंद पडलेल्या क्लासमधून स्वस्तात उचललेला होता. डब्याचं एका बाजूचं झाकण गायब होतं, आणि ते बरंच होतं, कारण टेबलफॅनचा वारा थेट आत सोडल्याशिवाय तो तापून बंद पडायचा. खेळ अडकू नये म्हणून त्याची सगळी सेटिंग लोवर, म्हणजे चित्राच्या सगळ्यात खालच्या दर्जावर. समुद्र म्हणजे करड्या रंगाची चादर. किनाऱ्यावरची झाडं बोट पुढे निघून गेल्यावर उगवायची.

"समोर डोंगर आहे बघ ताई, वर दिवे लागलेत."

"मला नाही दिसत. तू सांग."

"पिवळे आहेत. पाण्यात हलताहेत."

एवढं तिला पुरायचं.

मग एका रविवारी खेळ उघडलाच नाही. नवीन अपडेट आलं होतं आणि पडद्यावर एकच ओळ होती: तुमचं ग्राफिक्स कार्ड आता चालणार नाही. तिनं खेळ काढून पुन्हा टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, इंटरनेटवर लोकांनी सांगितलेले नाही नाही ते उपाय केले. ओळ काही हलली नाही.

बाजारातल्या दुरुस्तीवाल्या काकांनी डब्यात बॅटरी मारून पाहिलं. "कार्ड बदलावं लागेल. आणि त्याबरोबर हा पॉवर सप्लायही. मोठं कार्ड वीज जास्त खातं. याला ती झेपायची नाही."

"दोन्ही नाही जमणार, काका."

"मग थांब."

"झेपणारच नाही, असं आहे का?"

"झेपेल तोवर झेपेल. पुढचं माझ्यावर टाकू नकोस."

टिल्लू म्हणाला, मी पाठवतो पैसे. ती नको म्हणाली. वडिलांच्या औषधांचे तोच पाठवत होता. तिनं दुकानात थांबून जादा काम घेतलं, चप्पल शिवून शिवून घातली, आणि दोन महिन्यांनी एका अनोळखी माणसाकडून वापरलेलं कार्ड आणलं. पंख्याच्या पात्यांवर काळा थर होता. चष्म्याच्या काचा पुसायच्या कापडानं तिनं तो पुसून काढला. पॉवर सप्लाय जुनाच राहिला.

रविवारी खेळ उघडला आणि ती नुसती बघत बसली. पाणी हिरवं होतं. लाटेला फेस होता. टिल्लूच्या खेळातल्या माणसाच्या सदऱ्यावर ठिगळ होतं, ते तिला पहिल्यांदाच दिसलं.

"अरे, ठिगळाचा सदरा का घातलास?"

"तो फुकट मिळतो," तो हसला. "दिसतंय का सगळं?"

"सगळं."

बोट बंदराबाहेर पडली. तो सुकाणू उगाच इकडेतिकडे फिरवत राहिला. त्याचं तोंड उघडायच्या आधी असंच व्हायचं.

"ताई, एक सांगायचं होतं. बाबांना कळू देऊ नकोस. गेल्या महिन्यात गोदामात..."

टक् असा आवाज झाला आणि पडदा काळा पडला. जळका वास खोलीभर पसरला. तिनं प्लग उपटला आणि लगेच फोन लावला.

"काय सांगत होतास?"

"काही नाही गं. तुझं काय झालं?"

"माझं राहू दे. गोदामात काय?"

"नंतर सांगतो. ठेवू?"

सप्लायबरोबर मदरबोर्डही जळला होता. काकांनी बोर्ड हातात घेऊन उलटासुलटा केला आणि टेबलावर ठेवला. "असा बोर्ड आता मिळत नाही. नवा घ्यायचा तर सगळंच नवं." बोलायचं ते त्यांचं तेव्हाच बोलून झालं होतं.

पुढच्या रविवारी ती तासावर कॉम्प्युटर देणाऱ्या दुकानात गेली. शेजारी कॉलेजची पोरं गोळीबाराच्या खेळात आरडाओरडा करत होती. टिल्लू आला, पण तिच्या माइकमधून तो गोंगाट ऐकून विचारू लागला, "तिथे कोण आहे?"

"कुणी नाही. तू बोल."

"राहू दे ताई." त्यानं पेट्या पोचवल्या आणि निघून गेला. त्यानंतर तो खेळात आलाच नाही. फोनही बंद लागू लागला.

शेवटी तिनं त्याच्या खोलीतल्या जोडीदाराचा नंबर मिळवला.

"तुम्हाला माहीत नाही?" तो चाचरत म्हणाला. "गोदामात माणसं कमी केली, त्यात त्याचं नाव होतं. चार ठिकाणी विचारलं त्यानं. मग परवा लांब कुठेतरी गेला, बांधकामावर. जायला पैसे नव्हते, म्हणून कॉम्प्युटर मी घेतला त्याचा. तुम्हाला हवा असेल तर..."

"नको," ती म्हणाली. "वापरा तुम्ही."

तो रविवार नीट पार पडला असता तर तिनं काय केलं असतं, हे तिलाही सांगता आलं नसतं. पैसे नव्हतेच. पण त्याचं ऐकून घेतलं असतं.

आठवड्यानं अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे यंत्रांची घरघर होती.

"टिल्लू, मला सगळं कळलंय," ती म्हणाली.

ती फोन कानाला घट्ट दाबून उभी राहिली. एवढ्यात आतून वडिलांनी हाक मारली, "त्याचा आहे का? दे इकडे."

तिनं आत जाऊन फोन त्यांच्या हातात दिला. वडील गुडघ्याचं सांगू लागले, नव्या गोळ्या बऱ्या आहेत म्हणाले, गोदामात फार ओझी उचलू नकोस म्हणाले. पलीकडून "हो बाबा, हो" एवढंच ऐकू येत होतं. ती दाराशी उभी राहून ते ऐकत राहिली.