संत लोरांचा सण आणि बाराचं टेबल

टेबलावरची भांडी अजून उचलली नव्हती, तोच गास्तोंनं नकाशा पसरला. फ्रान्समधल्या तूर शहरातल्या तीन पिढ्यांना त्यानं गाडी चालवायला शिकवलं होतं. आता निवृत्तीनंतर प्रवासाचे बेत आखणं हाच त्याचा नित्यनेम. नियम दोनच: हमरस्त्याला चाक लावायचं नाही, आणि बाराच्या ठोक्याला पानावर बसायचं. आधी पोटोबा, मग विठोबा! त्याच्या नकाशावर मुक्कामांच्या आधी जेवणं मांडलेली असत.

“बघ ओदिल,” तो पेन्सिल नाचवत बायकोला म्हणाला, “शनिवारी बाराला बदक. रविवारी बाराला मादाम फाब्रच्या खानावळीत मेंढीच्या वजडीचे त्रिपू. बाई रात्रभर मंद विस्तवावर शिजवते. तीन महिन्यांपूर्वी टेबल सांगून ठेवलंय!”

ओदिलनं तारीख पाहिली. रविवार, दहा ऑगस्ट.

“अरे, त्या दिवशी संत लोरांचा सण. माझ्या सें-मोरीलचा!”

सें-मोरील हे तिचं माहेर. तिथल्या पाद्रीबाबांच्या पदरात तेवीस गावं, त्यामुळे तिथल्या देवळात मिस्सा, म्हणजे पाद्रीबाबांची पूजा-प्रार्थना, होई ती वर्षातून एकदाच, या सणाला. पहिलं स्तोत्र उचलायचं ते तिच्या थोरल्या बहिणीनं, मार्तनं. चाळीस वर्षांचा शिरस्ता. पण वसंतात मार्तच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. काल फोनवर तिचा आवाज फाटक्या भात्यासारखा येत होता. “तू आलीस तर उचलशील गं. नाहीतर पाद्रीबाबा म्हणतात, टेप लावू.”

“टेप!” ओदिल आताही उसळली. “देवाला काय दुकानातलं गाणं ऐकवायचं?”

“मग जाऊ की. साडेदहाची मिस्सा ना?”

“पाद्रीबाबा आधीच्या गावाहून येणार. अकराच्या आत कधी सुरू झाली आहे? आणि तिथून तुझी खानावळ पाऊण तासावर.”

गास्तोंनं पेन्सिल खाली ठेवली. मादाम फाब्रकडे पंगत एकच, बाराची. उशिरा येणाऱ्याला ती दारातून परत पाठवते, हे सगळ्या मुलखाला ठाऊक.

“एखादं छोटं स्तोत्र नाही का?” त्यानं हळूच विचारलं.

“त्रिपू अर्धे शिजवतात का?”

त्यानं नकाशात डोकं घातलं. ओदिलही भांडी घासायला वळली. आग्रह करून नेलेल्या माणसाशेजारी उभं राहून गाणं काय रंगणार? पण मार्तचा तो फाटका आवाज काही कानातून जाईना. नळ सोडता सोडता तिच्या ओठांवर स्तोत्राची पहिली ओळ आली. वरच्या सुराला गळा चिरकला. तिनं पुन्हा घेतली.

मागे फोनची बटणं दाबल्याचा आवाज आला. वळून पाहते तो गास्तों ताठ उभा. स्वतःच्याच मयतीची बातमी कळवायला निघाल्यासारखा चेहरा.

“मादाम फाब्र? दहा तारखेचं दोघांचं टेबल... रद्द करा. हो, रद्द. बायकोला सें-मोरीलला गायचंय.”

पलीकडून असं खणखणीत हसू आलं की ते नळापाशीही ऐकू आलं.

“अहो म्हातारबा, बरं झालं फोन केलात! मी वहीत तारीख लिहिली, कोणत्या संताचा दिवस ते पाहिलंच नाही. संत लोरां म्हणजे आम्हा आचाऱ्यांचा संत. त्याच्या सणाला मी चूल पेटवून बसू? खानावळ बंद! मीच येतेय तिथं मिस्सेला.”

“आणि... त्रिपू?” गास्तोंचा आवाज बारीक झाला.

“हंडा गाडीत घालून आणणार. मिस्सा झाली की देवळामागे, चेस्टनटच्या सावलीत, अख्ख्या गावाची पंगत. पण ऐका, बाईंना सांगा, गाणं नीट उचला. बेसूर ऐकलं की माझी भूक मरते.”

फोन ठेवून गास्तोंनं खोडरबर घेतलं. रविवारपुढचा ‘बारा’ त्यानं इतक्या आदरानं पुसला, की ओदिलनं ओल्या हातांनीच त्याचं टक्कल कुरवाळलं.

“किती वाजता लिहू?” त्यानं विचारलं.

“मिस्सा संपेल तेव्हा.”

त्यानं तसंच लिहिलं. मग खुर्ची तिच्याकडे वळवून बसला. “हं, घे पुन्हा. वरचा सूर घसरत होता. भूक मरायला नको.”