लाल पेन्सिलीचा आकडा

सॉल्वेग जन्मली त्या शरदात, म्हणजे १९५८ साली, मी टपालाने हाउगनांच्या घरी आलो. तिची आई इंगा हिने खोका उघडला आणि कपाळावर हात मारला. "घरात बाळाचं वजन करायला काटा नाही, आणि तू बंदुकीच्या दारूचा मागवलास?" नॉर्बर्ट हाउगन नुसता हसला. त्या घरात मी ऐकलेले ते शेवटचे मोकळे हसू असावे.

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे आणि माणसांवर माझा राग आहे. कारण ऐकून मग मला नावे ठेवा.

माझी दांडी हलक्या धातूची आहे. ती दोन गुळगुळीत दगडांवर टेकते, आणि पारड्यात मोहरीचा दाणा पडला तरी मला कळतो. अमेरिकेतल्या मोंटानातल्या त्या गावात हिवाळ्याच्या मांसासाठी एल्क, म्हणजे तिथले मोठे हरीण, मारणे हे बटाटे काढण्याइतकेच साधे काम. बरेच जण आपली काडतुसे घरीच भरत. पितळेची रिकामी नळी, बुडाला ठिणगीची टोपी, आत मोजलेली दारू, वर गोळी. बस, एवढेच. म्हणूनच लोकांना ते सोपे वाटते.

नॉर्बर्ट कडू माणूस होता, पण कामात चोख होता. बाकावर दारूचा एकच डबा ठेवायचा, दुसरा कपाटात कुलूपबंद. आधी माझे पारडे रिकामे ठेवून दांडी शून्यावर येते का ते पाहायचा. खिडकी लावायचा, पाइप विझवायचा, बोलणे बंद करायचा. छापील पुस्तकात प्रत्येक गोळीसाठी दारूचा खालचा आणि वरचा आकडा दिलेला असतो. तो खालच्यापासून सुरुवात करी. तीन काडतुसे भरायची, बागेमागच्या खडीच्या खाणीत जाऊन उडवायची, परत येऊन भिंगातून टोप्या बघायच्या. टोपीच्या कडा गोल आहेत ना? बंदुकीचा बोल्ट, म्हणजे मागची सरकती खीळ, सहज उघडला ना? मग चिमूटभर चढायचे. असे करत त्याला दोन शरद लागले. शेवटी वहीत त्याने लाल पेन्सिलीने एक आकडा लिहिला आणि त्याभोवती वर्तुळ काढले.

कोणत्या बंदुकीसाठी, ते लिहिले नाही. घरात बंदूक एकच होती. माणूस आपल्याच घरात स्वतःचे नाव कशाला लिहील?

शेजारी माझी तारीफ करत. "नॉर्बर्टचा काटा चर्चमधल्या पाद्र्यापेक्षा खरा," असे म्हणत. मग इंगा गेली, नॉर्बर्टचे हात थरथरू लागले, आणि मी फळीवर खिळ्यांच्या डब्याखाली गेलो. सात वर्षे कोणी माझ्यावरची धूळ पुसली नाही.

सॉल्वेगने वेंडेल क्रूसशी लग्न केले. तो धान्याच्या कोठारावर काम करी. सासरा-जावयाचे पहिल्या दिवसापासून जमले नाही. एकदा वेंडेलचा एल्कवरचा नेम चुकला, तर चर्चच्या जेवणात सगळ्यांसमोर नॉर्बर्ट म्हणाला, "आमचे जावईबापू दुकानातली काडतुसं आणतात. एल्कला आवाज ऐकवून घरी येतात." सगळे टेबल हसले. वेंडेलने ताटातली मटणाची सॉसेज तशीच टाकली आणि उठून गेला.

पुढच्या ऑक्टोबरात तो काडतुसे भरायच्या आमच्या खोलीत आला. खिळ्यांचा डबा बाजूला सारून त्याने मला खाली घेतले.

"नॉर्बर्ट, मी यंदा स्वतः भरणार. दाखवता का?"

म्हाताऱ्याने कॉफीचा कप खालीसुद्धा ठेवला नाही. "वही आहे तिथे. वाचता येतं ना तुला?" आणि तो निघून गेला.

शिकायला आलेल्या माणसाला त्याने एवढेच दिले. मी ते विसरलो नाही.

सॉल्वेग दारात उभी होती. "वेंडेल, छापील पुस्तकातला खालचा आकडा घे. बाबा तिथूनच चढायचे."

"तुझ्या बाबांनी वीस वर्षं हाच आकडा भरलाय. मी काय बालवाडीपासून शिकू?"

त्याने माझी सरकती वजने थेट लाल आकड्यावर लावली. त्याच्या बंदुकीला त्याच नावाचे काडतूस लागे. पण ती चुलत्याकडून आलेली जुनी लष्करी बंदूक होती. तिचा घसा, म्हणजे नळीत गोळीपुढची मोकळी जागा, आखूड आणि पोलाद जुने. जेवढी दारू एकीने पन्नासदा पचवली तेवढी दुसरीत दाब कुठच्या कुठे नेते. ते मला कळत होते, पण काट्याला तोंड नसते. त्याने मागितले तेवढेच मी मोजले, वीस वेळा, अगदी खरे. माझी दांडी सरळ राहिली. याचीच मला सर्वांत जास्त चीड आहे.

शनिवारी सकाळी खाणीतून एकच आवाज आला. थोड्या वेळाने वेंडेल खोलीत आला. बोल्ट उघडत नव्हता. त्याने लाकडी हातोडा घेतला आणि ठोकून उघडला. रिकामी नळी बाकावर पडली. तिची टोपी दाबून सपाट झालेली, कडा नाहीशा.

नॉर्बर्ट खिडकीपाशी बसला होता. त्याने ती पाहिली. त्याचा चेहरा बदललेला मी पाहिला. तो जर म्हणाला असता, 'पोरा, दाब फार चढलाय, ही बंदूक तुझ्या तोंडावर फुटेल,' तर? पण इतक्या वर्षांत त्याच्या जिभेला दुसरे वळणच राहिले नव्हते.

"उरलेली सगळी काडतुसं उसवून टाक, जावईबापू. तुझ्या हातचं काम नाही हे."

वेंडेलचे कान लाल झाले. "तुम्हाला माझं काही चाललेलं बघवतच नाही ना?"

"हातोड्यानं बंदूक उघडतोस, आणि मला विचारतोस?"

"थंडीनं अडकला तो!" त्याने एकोणीस काडतुसे खिशात घातली आणि दार आपटून गेला.

नॉर्बर्ट थोड्या वेळाने उठला. दारापर्यंत गेला. "वेंडेल! थांब!" असे ओरडलासुद्धा. त्या घरात त्याने जावयाला नावाने हाक मारलेली मी प्रथमच ऐकली. खाणीकडून आवाज आला तेव्हा त्याचा हात अजून कडीवर होता. तो आवाज बंदुकीचा नेहमीचा नव्हता.

सॉल्वेगने नंतर बापाला एकच विचारले. "टोपी बघितली होती ना तुम्ही?"

"हो."

"मग का नाही सांगितलं?"

"सांगितलं मी."

"नाही. तुम्ही टोमणा मारलात."

ती शहरात राहायला गेली आणि जाताना मला गावच्या शिकाऱ्यांच्या मंडळाला देऊन गेली. आता हिवाळ्यात नवशिके माझ्यासमोर बसतात. हसतात, घाई करतात, मित्राचा आकडा कागदावर उतरवून आणतात. मला तो कागद पाहिला की संताप येतो.

मित्रांनो, मोठे झाल्यावर हे काम कराल किंवा करणार नाही. पण दुसऱ्याचा आकडा आपला समजू नका. खालून सुरुवात करा, प्रत्येक पायरीला थांबून बघा, आणि खूण दिसली की माघार घ्या, त्यात लाज नाही. आणि तुम्हाला येत असेल तर शिकायला आलेल्याला नीट शिकवा. मला पुसा, झाका, शून्यावर आणा. मी खोटे बोलत नाही, पण मला अडवताही येत नाही.

वेंडेल क्रूस १७ ऑक्टोबर १९८७ रोजी, शनिवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास खडीच्या खाणीत वारला. तो तेहेतीस वर्षांचा होता. नॉर्बर्ट हाउगन १९९१ च्या मार्चमध्ये वारला. सॉल्वेग त्याच्या दफनाला आली नाही.