वाढलेलं तेल

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे, आणि या क्षणी माझं पोट उघडं आहे. मिस्त्री माझ्याखाली आडवा झाला आहे. बाजूला ताई उकिडवी बसली आहे, चेहरा पांढराफटक.

कारखान्यातून आलो तेव्हा मी लालभडक होतो. ताईच्या वडिलांबरोबर तीस वर्षं राबलो. एकदा चिखलात रुतलेली रुग्णवाहिका मी ओढून काढली, तेव्हा अख्खं गाव माझ्या बॉनेटवर थापा मारत होतं! वडील गेले. ताईचा भाऊ म्हणाला, "घे तो खटारा. पेरणी केलीस त्याच्यावर, तर मिशी उतरवीन. नाहीतर यंदापासून शेत मी कसणार."

ताईने मला जीव लावला. रोज सकाळी रेडिएटरमध्ये पाणी कमी दिसे, ती भरे. मग तेलाची पट्टी ओढून खूण बघे. फक्त खूण, रंग नाही. "म्हातारा थेंबभर तेल पीत नाही," ती कौतुकाने म्हणे, "उलट वाढतंय!"

तेल कधी आपोआप वाढतं का हो? रेडिएटरचं पाणी माझ्या तेलात उतरत होतं. आतली बेअरिंगं घासत होती. मी जिवाच्या आकांताने खडखडलो. तिला वाटलं, वय झालं.

आज पेरणीआधी तपासणीला बोलावलेल्या मिस्त्रीने पट्टी बोटावर पुसली. "ताई, हे तेल आहे की दुधाचा चहा?"

खालचा बोल्ट सैल केला, तर आधी नुसतं पाणीच आलं.

"मला रोज आनंद व्हायचा हो," ताई पुटपुटली.

"रेडिएटरमधून पाण्याला दाब देतो. लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, बुडाशी थेंब आला तर रबरी रिंग गेली, बदलता येईल. इंजिनच्या ब्लॉकलाच तडा असेल तर..." भंगार, दुसरं काय!

पहिला लायनर कोरडा. दुसरा कोरडा. तिसऱ्याजवळ ओल. मिस्त्रीने फडक्याने पुसलं. पुन्हा ओल. पुन्हा पुसलं. ताई आणखी खाली वाकली. मी तर काय, थिजलोच होतो.

"रिंग आहे," मिस्त्री म्हणाला. "पण बेअरिंगंही गेलीत. पेरणीला किती दिवस?"

"सहा."

"मग बसू नका. पाना द्या."

मित्रांनो, वाचेन की नाही, मला ठाऊक नाही. आम्हांला ओरडता येतं, पण सांगता येत नाही. म्हणून एवढंच करा: एखादी गोष्ट वाढलेली पाहून आनंद झाला, तर ती कशाने वाढली, हे एकदा बोटावर घेऊन बघा.